पटाची नवी जमीन

त्या हिवाळ्यात सगळं गाव मला एकच प्रश्न विचारायचं. विहिरीवर, पारावर, मोताळ्याच्या बाजारात, अगदी न्हाव्यापुढे मान खाली घालून बसलो असतानासुद्धा. "पट वक्तावर तयार होईन न बे?" मी म्हणायचो, "होईन." विचारणारा समाधानाने पुढे जायचा आणि मी मुरुमाचं टोपलं पुन्हा डोक्यावर घ्यायचो. इतक्या जणांनी विचारलं, पण त्यांतल्या एकानेही टोपल्याला हात लावल्याचं मला आठवत नाही.

पट म्हणजे शंकरपट. बैलांच्या शर्यती. दोन बैल, मागे अंगात काही नसलेला हलका छकडा, त्यावर बसलेला धुरकरी, म्हणजे हाकणारा, आणि समोर सरळ मोकळी जमीन. दोन जोड्या शेजारी शेजारी सुटतात आणि बघता बघता संपतात. एवढ्याशा त्या गमतीसाठी माणसं वर्षभर का झुरतात हे मला तेव्हाही कळलं नव्हतं, आता म्हातारपणीही नीटसं कळलेलं नाही. आमच्या गावचा पट माघातल्या जत्रेला भरायचा. घाटावरच्या बीबी गावापासून जोड्या यायच्या, इकडे खाली वरवट बकालकडून यायच्या. गावाबाहेरच्या पडीक जमिनीवर तो किती पिढ्या भरत होता हे सांगणारा कोणी उरला नव्हता.

मग पक्की सडक आली. मलकापूर स्टेशनाकडून घाटाकडे मोटारी जाणार, तर त्यांना सरळ वाट पाहिजे, आणि आमच्या शिवारात सरळ आणि सपाट म्हणावी अशी एकच जागा होती. सडकेने नेमकी तीच धरली. हुकूम नागपुराहून आलेला. मध्यप्रांताला वऱ्हाड जोडल्यापासून आमचं बरंवाईट तिकडेच ठरायचं, आणि तिकडे जाऊन भांडायला कापसाच्या हंगामात कोणाला सवड होती? पटाच्या जमिनीवर गिट्टी पडली. पहिली मोटार धूळ उडवत गेली तेव्हा पारावरचा एक म्हातारा म्हणाला, "धावली त खरी. पन एकलीच धावली, मंग जितली कशी म्हनाव?" सगळे हसले. माझा भाऊ हसला नाही.

भावाचं का बिनसलं होतं ते सांगायचं तर आमच्या बाबांचं सांगावं लागेल. बाबा एके काळचे धुरकरी. मी अगदी लहान असताना एका पटात छकडा उलटला आणि चाक त्यांच्या कमरेवरून गेलं. हाडवैद्याने बांधलं, ते वाकडंच बसलं. तेव्हापासून त्यांचं जग म्हणजे ओसरीवरची खाट. गाडीत घालून न्यावं तर पहिल्याच खड्ड्याला जीव कासावीस व्हायचा, म्हणून गावाबाहेर जाणं बंद झालं. आणि त्याहून वाईट म्हणजे पटाचं बोलणं बंद झालं. घरात पटाचा विषय निघाला की ते भिंतीकडे तोंड करून पडत. अशा वेळी त्यांची पाठसुद्धा रागावल्यासारखी दिसायची.

आणि अशा घरात दादाने पटाची जोडी वाढवली. गोऱ्हे होते तेव्हापासून त्याने त्यांना हाताने चारलं, हाताने पळवलं. पुढे ती जोडी नावाजली. दादा फेटे जिंकून आणायचा, पितळी गडवे जिंकून आणायचा. एकदा तर वाजतगाजत आला, डोक्याचा फेटा काढून बाबांच्या पायाशी ठेवला. बाबा म्हणाले, "सरक जरा. मले कूस बदलू दे." बस, एवढंच. बैल कसे धावले, कोणाशी धावले, एका शब्दाने विचारलं नाही. दादा तो फेटा घेऊन गोठ्यात गेला आणि बराच वेळ बाहेर आला नाही.

त्याच्या मनाने एकच घेतलं होतं. बाबांनी जोडी एकदा स्वतःच्या डोळ्यांनी धावताना पाहिली की सगळं ठीक होईल. आपल्याच गावच्या पटात, बाबांची खाट उचलून नेता येईल अशा ठिकाणी. "एक डाव पाह्यलं न त्यायनं, की मंग पाह्यजो तू," तो मला म्हणायचा. मी काय पाहायचं ते तो सांगायचा नाही. बाबा दिवसेंदिवस वाळत चालले होते, जेवण तर चिमणीएवढं राहिलं होतं. बैलही काही जन्मभर धावत नाहीत. म्हणजे यंदा, नाहीतर कधीच नाही.

आणि यंदाच सडकेने जमीन खाल्ली. गावचे पंच बसले. पाटील म्हणाले, "जत्रेपर्यंत कोणी नवी जमीन तयार करून देते का सांगा. नाईतर पट घाटावरच्या गावाले देऊन टाकू. ते लोक कधीचे मागून राह्यले." घाटावर बाबांना नेणं म्हणजे वाटेतच संपवणं. दादा उभा राहिला आणि आमचं विहिरीजवळचं वावर देतो म्हणाला. मला विचारलं नाही. विचारण्याची आमच्याकडे रीतही नव्हती.

इथे माझं स्वतःचं थोडं सांगतो, नाहीतर मी भलताच समजूतदार होतो असं वाटेल. दादा पटाला जायचा तेव्हा वखर माझ्याकडे, मोट माझ्याकडे, गोठा माझ्याकडे, बाबांना उचलून आडोशाला नेणं माझ्याकडे. पटाच्या बैलांना शेतीच्या कामाला जुंपत नाहीत. आमच्या घरी धुरकऱ्यालाही जुंपत नसत. त्या दोन बैलांना उडदाची भरड, तूप, गूळ आणि रोज अंडी. मला भाकर आणि ठेचा. बैलांवर माझा राग नव्हता, त्यांनी थोडीच मागितलं होतं? राग दादावर होता, पण तो नीट करायला उसंत मिळेना. दिवस मावळला की अंग टाकायचो आणि राग सकाळवर जायचा.

वावरात पऱ्हाटी, म्हणजे कपाशी, उभी होती. शेवटची वेचणी बाकी. दादाने ती उपटायला घेतली तेव्हा माय बांधावर आली. "बोंडं फुटून राह्यली न बे, काऊन उपटतं?" दादा म्हणाला, "पऱ्हाटी पुढच्या साली बी येईन, माय." माय पदर खोचून आमच्याबरोबर उपटायला लागली. ती उपटता उपटता फुटलेली बोंडं ओट्यात टाकत होती, आणि दादा तिला ते करू देत होता.

पऱ्हाटी उपटली तरी काही खुंट मोडून जमिनीत राहतात. एक खुंट राहिला आणि धावत्या बैलाच्या खुरात गेला की तो बैल गेला समजा. त्यामुळे सगळं वावर वखरून झाल्यावर आम्ही गुडघ्यांवर बसून हातांनी चाचपत फिरलो. पण खुंट परवडले, भेगांनी जास्त जीव खाल्ला. आमची जमीन काळी. हिवाळ्यात तिला अशा भेगा पडतात की विळा पडला तर हात घालूनही सापडत नाही. भेगा मुरुमाने भरायच्या, वर पाणी द्यायचं, चोपायचं. पाणी दिलं की काळी माती फुगते. वाळली की शेजारीच नव्याने फाटते. संध्याकाळी भरलेली जमीन सकाळी पुन्हा आ वासून पडलेली दिसायची. मला तेव्हा बसकण मारून रडावंसं वाटायचं. दादा मात्र नव्या भेगेत हात घालून खोली बघायचा आणि म्हणायचा, "काल्च्यापेक्षा कमी हाय." तसं काही नसायचं.

शेवटी ठरलं की वरून सगळीकडे मुरुमाचा जाड थर द्यायचा आणि तो दाबून पक्का करायचा. नाल्याच्या काठाला मुरूम चांगला निघतो. घरटी एक माणूस येईल असं पंचांनी सांगितलं, आणि पहिल्या दिवशी आलंही. नारळ फुटला, गुलाल उधळला, पाटलांनी पहिलं टोपलं टाकलं आणि उपरण्याला हात पुसले. दोन-तीन दिवस जत्राच होती. मग मलकापुरात कापसाचा भाव चढल्याची बातमी आली. गावातली एकूण एक गाडी आणि एकूण एक बैल कापूस घेऊन तिकडे गेले. गाव करील ते राव काय करील म्हणतात. आमचं गाव जिनाच्या, म्हणजे सरकी काढायच्या कारखान्याच्या, फाटकापुढे गाड्या लावून उभं होतं, आणि इकडे आम्ही दोघं भाऊ, माय, आणि अधूनमधून कोणी भला माणूस. पाटील मात्र रोज दिवस कलताना यायचे. "होते का नाई रे पोरहो?" दादा म्हणायचा, "होते." मी तोंड फिरवायचो.

मुरूम पसरून झाला, पण दाबणार कशाने? चोपण्याने चोपत बसलो असतो तर दिवाळी आली असती. सडकेच्या कामावरचा दगडी रूळ वाटेच्या कडेला पडून होता. लोखंडी चौकटीतला, माणसाच्या कमरेएवढा उंच. त्या कामाचा मुकादम मलकापूरचा मुसलमान माणूस, दिलाने मोठा. दादाने मागितला तर म्हणाला, "ले जाओ भाई. तुमचीच जमीन खाल्ली ह्या सडकेनं, रूळ तरी तुमच्या कामी येऊ द्या. पन माझे बैल नाई भेटनार, ते पुढच्या कामावर गेले."

आम्ही आमची कामाची जोडी जुंपली. बिचारे आधीच वखराने आणि मुरुमाच्या गाडीने खंगलेले. रूळ ओढता ओढता त्यांतल्या एकाचा खांदा सुजला, इतका की जू ठेवलं की तो खाली बसायचा. गावात दुसरा बैल नव्हता. अर्धी जमीन दाबलेली, अर्धी भुसभुशीत, आणि जत्रा तोंडावर. दादा गोठ्याच्या दारात उभा राहून पटाच्या जोडीकडे बघत होता. मला कळलं तो काय करणार आहे ते. मी म्हणालो, "दादा, नको." तो म्हणाला, "मंग तू ओढतं का?" खरं सांगतो, त्या क्षणी मला मीच ओढावा असं वाटलं.

पटाच्या बैलांना रुळाला जुंपल्याचं आमच्या भागात कोणी ऐकलेलं नसेल. जू खांद्यावर आलं की धावायचं, एवढंच त्यांना ठाऊक. पहिल्यांदा जुंपले तसे ते उधळले. मागे तेवढा दगड, तरी उधळले. रूळ वाकडा गेला आणि दाबलेली जमीन उखडली. आता त्यांना हळू चालायला शिकवणं आलं, आणि शिकवणार कोण, तर मी. दादाच्या आवाजाने ते पेटत, म्हणून दादाने तिथे थांबायचंही नव्हतं. मी वेसण धरून त्यांच्या पुढे उलटा चालायचो. "धीरे बापा, धीरे." या टोकाला पोचलो की गुळाचा खडा. वळून त्या टोकाला गेलो की पुन्हा खडा. पळायला लागले की थांबायचं, मान खाजवायची, पुन्हा "धीरे बापा." सुरुवातीला त्यांच्या अंगाला कापरं भरायचं. डोळे मोठे करून ते माझ्याकडे बघायचे. मग हळूहळू त्यांना उमगलं. शेवटी शेवटी तर मी पुढे नसलो तरी ते एका लयीत, एका रेषेत जायचे, टोकाला आपणहून वळायचे आणि गूळ कुठे आहे म्हणून नाक पुढे करायचे. जन्मात मी दुसऱ्या कोणाला काही शिकवलं नाही. ते दोघं तेवढे माझ्या हाताखाली पास झाले.

मुकादम एकदा काम बघायला आला. बराच वेळ उभा राहिला आणि मग बांधापलीकडे थांबलेल्या दादाला म्हणाला, "भाई, रुळाचे बैल मंग धावत नाईत. त्यायची चाल बसून जाते." दादा मुरुमाने माखला होता, ओठ फुटलेले. म्हणाला, "जमीनच नसली त चाल काय चाटू?" मुकादम जाताना माझ्या खांद्यावर हात ठेवून गेला. ज्या त्या माणसाने माझ्या खांद्यावर हात ठेवण्यापेक्षा एखादं टोपलं उचललं असतं तर बरं झालं असतं, असं मला वाटल्यावाचून राहिलं नाही.

रुळाची घरघर ओसरीपर्यंत ऐकू यायची. एका दुपारी आम्ही जेवायला घरी आलो तेव्हा बाबांनी विचारलं, "रुळाले कोनाचे बैल हायेत?" दादाने भाकरीचा तुकडा मोडला. "गावातले," तो म्हणाला. बाबा म्हणाले, "दमाचे हायेत. आवाज कसा एकसारखा येते, कोठी बी तुटत नाई." त्या जोडीबद्दल बाबांनी काढलेले ते पहिले चांगले शब्द. दादाला ते घेता येईनात आणि टाकवेनात. त्याने तुकडा परत ताटात ठेवला आणि पाणी पिऊन उठला.

जत्रेच्या आदल्या दिवशी जमीन तयार झाली. पाटलांनी एका छकड्यावर पाण्याने काठोकाठ भरलेला गडवा ठेवायला लावला आणि चौघांनी तो छकडा हातांनी या टोकापासून त्या टोकापर्यंत ओढत नेला. पाणी हललं, सांडलं नाही. "व्वा रे पोरहो!" पाटील म्हणाले. कापूस विकून परतलेले गावकरी म्हणाले, "आपन वक्तावर तयार केला म्हनाव!" आपण. मी भांडलो असतो, पण उभ्या उभ्या डोळे मिटत होते.

जोडी पळवून बघू असं आमच्या दोघांच्याही मनात होतं. पण आमच्याकडे रीत अशी की नव्या जमिनीवर पहिली धाव यजमान गावच्या जोडीची, आणि तीही जत्रेच्या दिवशी, नारळ फुटल्यावर. त्याआधी कोणाचंही धावतं खूर तिथे पडू द्यायचं नाही. जमीन बाटते म्हणतात. रूळ ओढला तो चालीने, त्याला हरकत नव्हती. सडकेवर पळवावं तर गिट्टीने खूर फुटले असते. दादा म्हणाला, "धावतात बे. रक्तात हाय त्यायच्या." आणि आम्ही दोघंही गोठ्यातच आडवे झालो.

सकाळी बाबांची खाट निघाली. चौघांनी खांद्यावर घेतली. बाबांना दाढी करून, धुतलेलं धोतर नेसवून, डोक्याला पटका बांधून मायने तयार केलं होतं. नको म्हणतील असं वाटलं होतं, पण म्हणाले नाहीत. उचलताना फक्त म्हणाले, "चौघायच्या खांद्यावर जायाची सवय होऊन जाईन आतापासून." माय चिडली, खाट उचलणारे हसले. खाट जमिनीच्या मध्यावर, अगदी कडेच्या दोरीलगत ठेवली, म्हणजे जोडी समोरून पूर्ण वेगाने जाताना दिसेल. ती जागा दादाने आधीच ठरवून ठेवली होती.

माणूस मावत नव्हतं. झाडांवर माणसं, गाड्यांवर माणसं, सडकेवर एक मोटारसुद्धा थांबलेली. मला शेवटच्या टोकाला उभं केलं होतं, कोणती जोडी आधी आली ते बघायला. पहिली धाव आमची आणि बीबीवाल्यांची. नारळ फुटला. जुवाला गुलाल लागला. दुरून मला दादा दिसत होता, छकड्यावर वाकलेला. बैलांच्या पाठी उन्हात चमकत होत्या. मी त्या दिवशी पहिल्यांदा त्यांना पटात पाहणार होतो, आणि तेवढ्यापुरता माझाही शीण उतरल्यासारखा झाला.

लाल फडकं खाली आलं. बीबीची जोडी सुटली ती माझ्या अंगावरच येतेय असं वाटलं. धूळ, आरडाओरड, आणि ती माझ्यासमोरून निघूनही गेली. मग धूळ खाली बसली आणि आमचे बैल दिसले.

ते चालत येत होते.

एका लयीत, एका रेषेत, मान खाली घालून, खांदा खांद्याला लावून. दादा ओरडत होता, शीळ घालत होता, शेपटीला हात घालत होता. बैलांनी कान मागे केले, पण पाऊल बदललं नाही. या जमिनीवर हळू चालायचं, हे त्यांना आम्हीच शिकवलं होतं, आणि ते शहाण्यासारखे चालत होते. मग कोणीतरी ओरडलं, "रूळ कोठी सांडला बे?" आणि अशी हशाची लाट उठली की मोटारीतले लोकही उठून उभे राहिले. दादाने काठी उगारली. तिला पुढे आर होती, टोचली असती तर रक्त निघालं असतं. त्या जोडीला त्याने आयुष्यात कधी टोचलं नव्हतं. काठी वर तशीच राहिली आणि मग त्याने ती खाली टाकून दिली. मग तो ओरडलाही नाही. बाबांच्या खाटेसमोरून ते तसेच गेले, चालत. दादाने तिकडे बघितलं नाही.

बैल थेट माझ्यापाशी आले. टोकाला पोचल्यावर आपणहून वळले, थांबले, आणि दोघांनी नाकं माझ्या हाताशी आणली. लोक पोटं धरून हसत होते. माझ्याकडे गूळ नव्हता. मी त्यांच्या मानेवर हात ठेवला आणि मला इतकं वाईट वाटलं, इतकं वाईट वाटलं, की दादाकडे बघवेना.

बाकीचा पट दणक्यात झाला. दिवसभर जोड्या धावल्या, एकाही बैलाचा पाय मुरगळला नाही, एकही छकडा उलटला नाही. जो तो म्हणत होता, जमीन झकास झाली. पाटलांनी दादाला फेटा बांधायला बोलावलं, तो सापडला नाही. तो आमच्या गोठ्यामागे कडब्याला टेकून बसला होता. मी शेजारी जाऊन बसलो.

दिवस मावळायच्या बेताला चौघांनी बाबांची खाट परत ओसरीवर आणून ठेवली. मायने आत चूल पेटवली. दादा बैलांना पाणी दाखवून आला आणि ओसरीच्या कडेने आत जायला लागला. बाबांनी त्याला थांबवलं.

"रुळाले हेच होते?"

दादा म्हणाला, "हाव."

बाबांनी आढ्याकडे नजर लावली. मला वाटलं आता शिव्या येतील, आणि येऊ द्याव्यात असंही वाटलं. किंवा ते कूस बदलून भिंतीकडे तोंड करतील. त्यांनी कूस बदलली, पण आमच्याकडे. त्यांना दुखलं असावं, कारण दात आवळलेले दिसले.

"बस," ते दादाला म्हणाले. "आन सांग मले. धावतात कसे ते."

दादाला आधी कळलंच नाही. मग तो खाली बसला, खाटेच्या पायाला पाठ लावून. इतकी वर्षं पोटात साठवून ठेवलेलं, आणि आता पहिला शब्द निघेना. बाबा थांबून राहिले. शेवटी त्याने वरवट बकालच्या पटाचं काढलं. सकाळी बैलांना काय चारलं इथपासून. जमीन कशी होती, वारा कुठून होता, शेजारी कोणाची जोडी होती. बाबा मधेच विचारायचे, "आतला बैल कोनता?" किंवा "कासरा ढिला होता का कसलेला?" आणि दादा सांगायचा. ते दोघं असे बोलताहेत हे बघायला माय चुलीपासून उठून दारात आली, हातात पीठ तसंच.

फडकं पडलं, दादा सांगत होता. सुटताना आपली जोडी मागे राहिली. पुढची जोडी मानभर पुढे, मग छकडाभर पुढे. आपले अजून अंग चोरूनच धावत होते. अर्ध्यावर आलो तेव्हा... असं म्हणून तो थांबला. पुन्हा म्हणाला, "अर्ध्यावर आलो..." आणि त्याची मान छातीवर कलली. मुरुमाने भेगाळलेले हात मांडीवर उताणे पडले. जत्रेपर्यंतची सगळी जागरणं एकदमच त्याच्यावर आली होती. तोंड किंचित उघडं ठेवून तो खाटेच्या पायाशी झोपून गेला.

बाबा वाट बघत राहिले. मी हळूच उठलो. "उठवू का त्याले?" मी विचारलं. "पुढचं राह्यलं न सांगायचं."

बाबांनी खाटेवरून हात खाली सोडला आणि दादाच्या डोक्यावर ठेवला. "काऊन उठवतं?" ते म्हणाले. "झोपू दे. आपलेच येतात पुढं."